कागद जपायचे असतील तर कार्ड साधंच घ्या

२०२१च्या प्रवेशाच्या धावपळीत एक खाला आपल्या नातीला घेऊन आमच्या मंडळाच्या खोलीवर आल्या. नातीला इंजिनीअरिंगला जायचं होतं, जात पडताळणीचं प्रकरण अडकलं होतं. कुटुंब तांबोळी. म्हणजे महाराष्ट्राच्या यादीप्रमाणे ओबीसी. पण ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो त्यांच्याकडे होता. खालांच्या सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीच्या रकान्यात स्पष्ट ‘तांबोळी’ लिहिलेला. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी त्यांच्या घरात छातीइतकं शिरलं, तेव्हा पत्र्याच्या पेटीसकट तो गेला. ती शाळाही कधीच बंद पडलेली, तिचं दप्तर कुठे गेलं हे कुणालाच सांगता येईना.

तरीही खाला निर्धास्त होत्या. कारण तो दाखला आम्ही २०१२ साली स्कॅन करून घेतला होता. परत देताना त्यांना तोंडभरून सांगितलंही होतं की आता काळजी करू नका, तुमचा कागद आमच्याकडे सुरक्षित आहे.

“बेटा, तुमीच बोले थे ना, कंप्यूटरमें हमेशा रहता बोलके?”

मी काय उत्तर दिलं ते मला नीट आठवत नाही. तो स्कॅन २०१७च्या मे महिन्यात गेला होता, आणि घालवणाऱ्यांत मी स्वतः होतो. आज जे लिहितोय ते वरवर कॉम्प्युटरच्या एका कार्डाबद्दल आहे. या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना विषय रुक्ष वाटेल, याची कल्पना आहे. पण ज्या समाजाचा अर्धा इतिहास सरकारी दप्तरात नाही, तो घराघरांतल्या पेट्यांत, बंद पडलेल्या मासिकांत आणि संमेलनांच्या स्मरणिकांत आहे, त्या समाजाने हे कार्ड समजून घेतलं पाहिजे असं माझं मत आहे.

पुण्याला कागद गमावण्याची सवय आहे. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतल्या वाड्यांबरोबर कितीतरी घरांचे दस्तऐवज वाहून गेले. जानेवारी २००३मध्ये फिल्म अर्काइव्हच्या नायट्रेट फिल्म जळाल्या. ५ जानेवारी २००४ला भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. पूर, आग आणि जमाव. या तिन्हींचा आवाज झाला, बातम्या झाल्या. आमचं नुकसान झालं तेव्हा खोलीत फक्त पंख्याचा आवाज येत होता.

झालं असं. आमचं मंडळ म्हणजे काही संस्था नव्हे. पाच-सहा जणांनी २०११ साली एक स्कॅनर घेतला आणि ओळखीच्या घरांतून कागद मागायला सुरुवात केली. निकाहनामे, दाखले, खरेदीखतं, पत्रं, १९७०नंतरच्या मुस्लिम सत्यशोधक चळवळीची पत्रकं, १९९०च्या सोलापूरच्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापासूनच्या पुस्तिका. विचाराने कोण कुठला हे न बघता सगळं घ्यायचं, हा एकच नियम. दलवाईंचे टीकाकारही घ्यायचे, समर्थकही घ्यायचे. मूळ कागद स्कॅन करून घरच्यांना परत द्यायचा. २०१३मध्ये एक जुना सर्व्हर स्वस्तात मिळाला. त्यात हार्डवेअर रेड कार्ड होतं. विकणारा अभिमानाने म्हणाला, सर, हे कार्ड आहे म्हणजे डिस्क मेली तरी डेटा मरत नाही. ते खरंही होतं. दोन-दोन टेराबाइटच्या सहा डिस्क, रेड ५, त्यातली एक मेली तरी चालेल. चार वर्षांत दोनदा डिस्क गेली, दोन्ही वेळा नवी टाकली, काम सुरू राहिलं. आम्ही निवांत झालो.

मग मे २०१७मध्ये डिस्क नाही गेली, कार्डच गेलं.

इथे थोडं थांबून रेड म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. कल्पना अशी की एक महागडी मोठी डिस्क घेण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या, मजकूर त्यांच्यात वाटून ठेवायचा आणि सोबत थोडा हिशेब लिहून ठेवायचा, म्हणजे एखादी डिस्क मेली तरी हिशेबावरून तिच्यातलं परत काढता येतं. रेड या नावातल्या एका अक्षराचा मूळ अर्थच ‘स्वस्त’ असा होता. पुढे कंपन्यांनी तो बदलून ‘स्वतंत्र’ असा केला. स्वस्त या शब्दाने महागडी कार्डं कशी विकणार?

आता हा हिशेब ठेवायचा कुणी? दोन मार्ग आहेत. एक, डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये एक हुशार कार्ड बसवायचं. त्या कार्डावर स्वतःचा प्रोसेसर असतो, मेमरी असते, बॅटरी असते. सहा डिस्क ते आपल्या पोटात घेतं आणि कॉम्प्युटरला सांगतं, ही बघ एकच मोठी डिस्क. दुसरा मार्ग, कार्ड साधं ठेवायचं. त्याने फक्त डिस्क जोडून द्यायच्या, जशा आहेत तशा दाखवायच्या, आणि हिशेब लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमने ठेवायचा. या साध्या कार्डाला एचबीए म्हणतात.

मी हे समजावताना मुनीम आणि हमाल असं सांगतो. हार्डवेअर रेड हा मुनीम आहे. हुशार आहे, मेहनती आहे, पण वही स्वतःच्या लिपीत लिहितो. तो गेला की वही समोर असूनही पेढीच्या मालकाला ती वाचता येत नाही. त्याच घराण्यातला दुसरा मुनीम शोधावा लागतो. एचबीए हा हमाल आहे. पोतं इथून उचलायचं, तिथे ठेवायचं, आत काय आहे हे बघायचं नाही. हा हमाल आजारी पडला तर दुसरा बोलवा. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीच्या गावात हमालाला कमी लेखण्याचं काही कारण नाही.

आमचा मुनीम मेला तेव्हा त्याच्याच घराण्यातला दुसरा शोधायला मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. मिळाला. तीच मालिका, पण फर्मवेअर जुनं. दरम्यान आमच्यातल्या एकाने चांगल्या मनाने सगळ्या डिस्क बाहेर काढून धूळ पुसून ठेवल्या होत्या, कोणती कुठल्या खणातली हे न लिहिता. नवं कार्ड बसवून मशीन सुरू केलं तर पडद्यावर आलं, परकी रचना सापडली आहे, आयात करू की पुसू? आम्ही आयात केली. जमेना. जुन्या फर्मवेअरला नव्याने लिहिलेली वही वाचता येत नव्हती. तेव्हा शांत बसून फर्मवेअर बदलायला हवं होतं. त्याऐवजी रात्री अकरा वाजता आम्ही कुठेतरी वाचलं की रचना पुसून पुन्हा तशीच बनवली तर डेटा जसाच्या तसा दिसतो. दिसतोही, जर डिस्कचा क्रम बरोबर असेल, पट्ट्यांचा आकार तोच असेल आणि आरंभीकरण बंद ठेवलं असेल. आमचा क्रम चुकला होता. ते बटण मी दाबलं. काही मिनिटांनी कार्डाने पूर्ण आरंभीकरण सुरू केलं. पूर्ण आरंभीकरण म्हणजे खऱ्या मजकुरावर फिरवलेला बोळा. सकाळपर्यंत तो सहाही डिस्कवरून फिरून गेला होता.

निम्म्याहून कमी परत मिळालं. तेही कार्डातून नव्हे, लोकांनी नेलेल्या पेन ड्राइव्हवरून आणि ईमेलला जोडलेल्या फायलींतून. खालांच्या सासऱ्यांचा दाखला त्यात नव्हता. त्या मुलीने शेवटी खुल्या गटातून फी भरून प्रवेश घेतला. तिच्या मामाने त्यासाठी टेम्पो विकला. आम्ही काही पैसे जमवून दिले, पण त्याने काय होतं.

यात कार्डाच्या कंपनीचा दोष नाही, म्हणून नाव घेत नाही. ते कार्ड जसं सांगितलं होतं तसंच वागलं. बॅकअप नव्हता हा पहिला गुन्हा आमचाच. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य या धंद्यातली सगळी माणसं म्हणतात, आणि त्यातली निम्मी पाळत नाहीत. पण बॅकअप बाजूला ठेवला तरी एक प्रश्न राहतो. साध्या माणसांनी, हौशी मंडळांनी, मशिदीच्या ट्रस्टने, गावच्या वाचनालयाने आपल्या डिस्कचा हिशेब अशा लिपीत का ठेवावा, जी वाचायला एकच जात लागते?

माझे एक ज्येष्ठ सहकारी आहेत, आयुष्य सर्व्हर रूममध्ये गेलेलं. ते मला चिडवतात की तू दुधाने तोंड पोळलं म्हणून ताकही फुंकतोस. त्यांचं म्हणणं असं की कार्डावर स्वतंत्र प्रोसेसर असतो, बॅटरी असते, लाईट गेली तरी अर्धवट लिहिलेलं कार्डाच्या मेमरीत टिकतं. पुण्यात गुरुवार म्हटलं की लाईट आणि पाणी दोन्हीची आठवण येते, तेव्हा हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आणि ज्या कंपनीचा निर्मात्याशी देखभालीचा करार आहे, चार तासांत तेच कार्ड घेऊन माणूस येतो, तिथे हार्डवेअर रेड चालतं, चांगलं चालतं. बँकेच्या सर्व्हरला माझा सल्ला लागू नाही.

पण आमच्यासारख्यांकडे करार नसतो. प्रोसेसरचा मुद्दा वीस वर्षांपूर्वी खरा होता. आजच्या साध्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरला सहा डिस्कचा हिशेब म्हणजे खेळ आहे. बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते, ती बदलायला कुणाला आठवत नाही, आणि बॅटरी मेली की बहुतेक कार्डं आपोआप वेग कमी करून बसतात. शिवाय हुशार कार्ड डिस्कची तब्येत लपवतं. डिस्क आतून किती खराब सेक्टर जमवतेय, तापमान किती आहे, हे स्मार्ट नावाच्या नोंदीत असतं. साध्या कार्डामागे ते सरळ वाचता येतं, मुनिमामागे त्याची परवानगी घेऊन वाकड्या वाटेने विचारावं लागतं. आणखी एक, साधी घरगुती डिस्क एखादा सेक्टर वाचताना अडली की बराच वेळ प्रयत्न करत बसते. हार्डवेअर रेडला एवढा धीर नसतो. काही सेकंद वाट बघून ते डिस्क मेली असं जाहीर करतं आणि चांगली डिस्क गटाबाहेर काढतं. म्हणून त्याला महागड्या खास डिस्क लागतात.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. झेडएफएस नावाची एक फाइल सिस्टिम सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी घडवली. २००५मध्ये तिचा कोड खुला झाला आणि आज ती लिनक्सवर फुकट चालते. ती प्रत्येक तुकड्याची खूणगाठ साठवते. वाचताना खूणगाठ जुळली नाही तर तिला कळतं की या डिस्कने दिलेलं चूक आहे, आणि दुसऱ्या डिस्कवरच्या हिशेबावरून ती बरोबर तुकडा काढून चुकीच्या जागी परत लिहिते. डिस्क मरत नाही, फक्त एखादं अक्षर गुपचूप बदलतं, हा प्रकार स्कॅन केलेल्या कागदांसाठी फार वाईट. दहा वर्षं फाइल उघडत नाही कुणी, आणि उघडतो तेव्हा अर्धं पान राखाडी. साधं रेड ५ हे पकडत नाही. ते कोणती बाजू खरी हे ओळखूच शकत नाही. पण झेडएफएसला हे काम करायचं तर तिला प्रत्येक डिस्क थेट दिसली पाहिजे. मध्ये मुनीम बसला की तिला एकच मोठी डिस्क दिसते, चूक कळते पण दुरुस्त करायला दुसरी बाजू हाती नसते.

काही जण यावर तोड काढतात. हार्डवेअर कार्डावरच प्रत्येक डिस्कचा वेगळा, एका डिस्कचा रेड ० बनवतात आणि म्हणतात, झालं की. नाही झालं. कार्डाची खूण डिस्कवर राहतेच, मधली मेमरी राहतेच, आणि कार्ड मेलं की ती डिस्क दुसरीकडे लावल्यावर ओळखली जाईलच याची खात्री नाही. मुनिमाला हमालाचे कपडे घातले म्हणून तो हमाल होत नाही.

२०२१च्या अखेरीस आम्ही नवं मशीन उभं केलं. त्याची हकीकत सविस्तर सांगतो, कारण गेल्या काही महिन्यांत तीन ठिकाणांहून मला हेच विचारलं गेलं. जून २०२५मध्ये वक्फच्या मालमत्तांसाठी उमीद पोर्टल सुरू झालं. सहा महिन्यांच्या मुदतीत कागद चढवायचे म्हणून मुतवल्लींनी गल्लोगल्ली झेरॉक्सची दुकानं धरली. कायद्याबद्दलचं माझं मत मी वेगळं लिहीन. इथे एवढंच की त्या निमित्ताने जे स्कॅन झाले ते आता कुणाच्या तरी एका लॅपटॉपवर पडून आहेत.

आधी हे विचारा की कार्ड लागतं का. आजच्या बऱ्याच मदरबोर्डवर चार ते सहा साटा जागा असतात. डिस्क तेवढ्याच असतील तर कार्डाचे पैसे वाचवा, बायोसमध्ये साटाची पद्धत एएचसीआय ठेवा आणि तिथे जो रेडचा पर्याय दिसतो त्याला हात लावू नका. तो तर ना धड मुनीम, ना धड हमाल. त्याहून जास्त डिस्क असतील, किंवा सर्व्हरमधल्या सॅस डिस्क स्वस्तात मिळाल्या असतील, तर कार्ड लागेल. सॅस कार्डावर साटा डिस्क चालते, पण सॅस डिस्क मदरबोर्डच्या साटा जागेत चालत नाही, हे लक्षात ठेवा. जुन्या सॅस डिस्क घेताना एक गंमत होते. मोठ्या स्टोअरेज यंत्रांतून निघालेल्या काही डिस्क ५१२ऐवजी ५२० बाइटच्या सेक्टरने फॉरमॅट केलेल्या असतात. लिनक्सला त्या दिसतात पण वापरता येत नाहीत. नव्याने फॉरमॅट कराव्या लागतात, आणि एकेका डिस्कला तास न् तास जातात.

ऑनलाइन दीड-दोन हजारांत दहा-दहा साटा जागांची कार्डं दिसतात. त्यातल्या बऱ्याच कार्डांवर मूळ चिप दोन किंवा चार जागांचीच असते, बाकीच्या जागा पोर्ट मल्टिप्लायर लावून फोडलेल्या. एका नळाला दहा तोट्या. रोज चालतं, पण एखादी डिस्क अडखळली आणि सगळा गट पुन्हा तपासायची वेळ आली की शेजारच्या डिस्कही गायब होतात. घ्यायचंच तर एएसएम ११६६ किंवा जेएमबी ५८५ या चिपचं, जेवढ्या जागा चिपला खरोखर आहेत तेवढ्यांचंच घ्या.

आम्ही घेतलं ते एलएसआयच्या सॅस २००८ चिपचं कार्ड. एलएसआय पुढे अवॅगोने घेतली, आता ते सगळं ब्रॉडकॉमच्या नावाखाली आहे. याच चिपचं मूळ कार्ड ९२११-८आय. डेलचं एच २००, एच ३१० आणि आयबीएमचं एम १०१५ हीदेखील त्याच चिपची भावंडं, फक्त प्रत्येकाने आपापलं फर्मवेअर घातलेलं. आठ डिस्क जोडता येतात, पीसीआय एक्स्प्रेस २.०च्या आठ लेन, म्हणजे चार गिगाबाइट सेकंदाला. फिरत्या आठ डिस्क मिळून त्याच्या निम्म्याच्या आसपास पोचतात. त्यामुळे नव्या ९३००-८आयसाठी जास्त पैसे टाकण्यात आम्हाला अर्थ दिसला नाही. एसएसडी लावायची असेल तर गोष्ट वेगळी, पण ती मी मदरबोर्डवरच लावतो, कारण जुन्या कार्डांमागे ट्रिमचा घोळ होतो.

हिंजवडी-खराडीच्या कंपन्या दर काही वर्षांनी सर्व्हर बदलतात. निघालेला माल आपल्याच ओळखीच्या भंगारवाल्यांकडे येतो. आमचं कार्ड असंच, एका मित्राच्या गोदामातून तीन हजारांत आलं. मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात मी एकदा सात-आठ कार्डांचा ढीग पाहिला होता, विकणाऱ्याला ते साउंड कार्ड वाटत होते. नव्याकोऱ्या डब्यातलं, अगदी स्वस्त ‘मूळ’ कार्ड दिसलं तर मात्र जपून. नकली बरीच आहेत. सर्व्हरमधून काढलेलं धूळ बसलेलं कार्ड मला जास्त विश्वासाचं वाटतं.

या कार्डांना दोन प्रकारचं फर्मवेअर मिळतं, आयआर आणि आयटी. आयआरमध्ये थोडी रेडची हुशारी असते. आपल्याला आयटी हवं, म्हणजे निव्वळ हमाल. आधी कार्डावरच्या स्टिकरवरचा सॅस पत्ता वहीत लिहून घ्या. सगळं पुसल्यावर तो परत भरावा लागतो. मग पेन ड्राइव्हवरून ईएफआय शेल सुरू करून सॅस२फ्लॅश नावाच्या साधनाने जुनं पुसायचं आणि नवं घालायचं. पुसणं आणि भरणं यांच्यामध्ये मशीन बंद करायचं नाही, म्हणून यूपीएसवर करा आणि गुरुवारी करू नका. आवृत्ती पी २० घ्या, पण तिची पहिली रूपं बिघडलेली होती. २०.००.०७.०० हीच घ्या. आयबीएमचं कार्ड असेल तर आधी मेगारेक नावाच्या साधनाने त्याची जुनी ओळख पुसावी लागते, तिथे एक पायरी जास्त आहे. कार्डावरून मशीन बूट करायचं नसेल तर बूट रॉम घालूच नका, सुरू होण्याचा वेळ वाचतो. एच ३१०च्या मूळ फर्मवेअरमध्ये एका वेळी पंचवीसच कामं रांगेत उभी राहतात, आयटी केल्यावर सहाशे. नुसत्या फर्मवेअरने एवढा फरक पडतो, यावर मला आधी विश्वास बसला नव्हता.

डेल आणि आयबीएमची ही कार्डं काही साध्या मदरबोर्डवर बसवली की मशीन सुरूच होत नाही. कार्ड मेलं समजून फेकू नका. त्याच्या सोनेरी दातांपैकी बी ५ आणि बी ६ या दोन दातांवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा. हसू नका, आमचं मशीन आजही त्या चिकटपट्टीवर चाललंय.

केबल एसएफएफ-८०८७, एका टोकाला चार साटा. घेताना दुकानदाराला ‘फॉरवर्ड’ असं स्पष्ट सांगा. उलट्या दिशेची केबल दिसायला तशीच असते, लागतेही, फक्त डिस्क दिसत नाहीत. मी तपकीर गल्लीत दोन फेऱ्या मारल्या या एका शब्दासाठी. आणि पंखा. ही कार्डं सर्व्हरच्या वादळी हवेसाठी बनलेली आहेत. साध्या कॅबिनेटमध्ये त्यांच्या हीटसिंकवर बोट ठेवता येत नाही. चाळीस मिलिमीटरचा छोटा पंखा त्यावर बसवला तर मेमध्येही चालतं. आमचं पहिलं कार्ड मेमध्येच गेलं होतं, हे मी विसरलेलो नाही.

पुढचं काम लिनक्सचं. सहा डिस्क, चार-चार टेराबाइटच्या, रेडझेड २, म्हणजे दोन डिस्क मेल्या तरी चालेल. जागा साधारण सोळा टेराबाइट उरते. गट बनवताना डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी देऊ नका, ती बदलतात. बाय-आयडीच्या यादीतलं, डिस्कच्या अनुक्रमांकाचं नाव द्या, आणि तोच अनुक्रमांक कागदावर लिहून डिस्कच्या पुढच्या बाजूला चिकटवा. ज्यांनी धूळ पुसली होती ते गृहस्थ आता हे काम स्वतः करतात. ॲशिफ्ट बारा ठेवा. डिस्क घेताना एसएमआर टाळा, २०२०मध्ये यावरून बराच गदारोळ झाला होता, गट दुरुस्त करताना या डिस्क रांगायला लागतात. महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे सगळं वाचून खूणगाठी तपासणं. झेडएफएस नको असेल तर लिनक्सचं जुनं एमडी आहे, खूणगाठी नाहीत पण हिशेब डिस्कवरच आणि उघड लिपीत असतो.

सगळं झाल्यावर आम्ही एक गोष्ट मुद्दाम केली. गट निर्यात केला, मशीन बंद केलं, कार्ड काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. एका सभासदाच्या मुलाचा गेम खेळायचा डेस्कटॉप होता, त्याच्या मदरबोर्डला सहा साटा जागा होत्या. त्यात सहाही डिस्क मिळेल त्या क्रमाने लावल्या, लिनक्सचा पेन ड्राइव्ह घातला आणि आयातीची एक ओळ टाइप केली. काही सेकंदांत सगळ्या फाइल समोर. वेगळं मशीन, कार्डच नाही, क्रम उलटासुलटा. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना मुद्दाम बोलावलं होतं. ते चहा पीत म्हणाले, ठीक आहे, पण बॅकअप कुठाय? तो सोलापूरला आहे. एका सभासदाच्या घरी, दर तीन महिन्यांनी डिस्क बदलते, एसटीने जाते.

कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला आम्ही एक कागद चिकटवला आहे. त्यावर मराठीत लिहिलंय की हे मशीन बंद पडलं तर काय करायचं, कोणत्या ओळी टाइप करायच्या, आणि सगळ्यात वर, रात्री अकरानंतर काहीही करायचं नाही.

एक विनंती. २०११ ते २०१७ या काळात आमच्याकडून ज्यांनी पेन ड्राइव्हवर किंवा सीडीवर प्रती नेल्या, त्यांनी एकदा कपाटाचा वरचा कप्पा बघावा. २०१२चे फोल्डर आम्ही आडनावाने ठेवले होते. ‘तांबोळी’ नावाचा एक असेल तर कळवा. त्या मुलीचा धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे.